दिवसाला एक खाडी

पुंडलिकराव, कार्तिक शुद्ध दशमीला सकाळी, कामशेतला आपल्या भाताच्या गिरणीच्या ओट्यावर बसलेले असताना तुम्ही गेलात. डॉक्टर आले तेव्हा त्यांना करण्यासारखे काही उरले नव्हते. मला लोणावळ्यात निरोप दुपारी पोचला. मी आलो तेव्हा गिरणी बंद होती, आणि ओट्यासमोर तुमची मोटार कापडी छत मागे टाकून उभी होती. मागची सीट रिकामी होती. आदल्या संध्याकाळी तिच्यावर माझा स्टो, पेट्रोलचे डबे आणि भांड्यांची पेटी होती. ते सगळे तुम्ही त्या सकाळी उठून खाली काढले होते आणि ओसरीवर भिंतीला लावून ठेवले होते.

बाकीचा तपशील पुण्याच्या वर्तमानपत्रात आला आहे. ती बातमी मी लिहिलेली नाही. तिच्यात समुद्राचा उल्लेख नाही.

पुण्यातल्या वर्तमानपत्राचे टेबल सोडून मी लोणावळ्याला राहायला आलो तो छातीच्या तक्रारीमुळे, आणि तुमच्या गिरणीत आलो तो तांदळासाठी. कोंड्याच्या धुरळ्यात भिंतीवर एक नकाशा दिसला. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातून काढलेला होता, कडा कुरतडलेल्या, आणि त्यात घाटाच्या वरचा भाग कापून टाकलेला. राहिली होती ती फक्त खालची किनारपट्टी, रेवदंड्यापासून तेरेखोलपर्यंत. मी विचारले, इथे हा नकाशा कशाला? तुम्ही म्हणालात, "शेजारी हाय आपला. खालच्या आळीचा. कवा गेलोच न्हाई त्येच्याकडं." मग मी वर्तमानपत्रातला आहे हे कळल्यावर तुम्ही मला 'संपादक' म्हणायला लागलात. मी उपसंपादक होतो, हे मी पुष्कळदा सांगितले. त्याचा उपयोग झाला नाही.

त्या वर्षीच्या कार्तिकात तुम्ही मला कुरवंड्याच्या पुढे कड्यावर नेलेत. पाऊस संपून हवा धुतलेली होती. खाली कोकण निळे पडत चालले होते, डोंगरामागे डोंगर, आणि सगळ्यांच्या शेवटी धुक्यासारखे काहीतरी. "थांबा," तुम्ही म्हणालात. "सूर्य खाली येऊ द्या." सूर्य खाली आला आणि त्या धुक्यात एक रेघ पेटली. विळ्याची धार उन्हात धरावी तशी. ती काही क्षण राहिली आणि विझली. तुमचे वडील तिला ढग म्हणत, आजोबा तिला लंका म्हणत. तुम्हाला लहानपणापासून माहीत होते की तो समुद्र आहे, कारण ढग रोज त्याच जागी येत नाही.

परत फिरताना तुम्ही पायाखालची एक ओल दाखवलीत. म्हणालात, "हितं पडल्यालं पाणी दर्याकडं पाठ करून जातं बघा. दर्या ह्यो समोर, आन् आपली इंद्रायणी चालली तिकडं, उगवतीला. कुटं जाऊन मिळती कुणास ठावं." मी सांगितले, भीमेला, मग कृष्णेला, मग पूर्वेच्या समुद्राला. तुम्ही मागे वळून रेघ विझली त्या जागेकडे बघितलेत. मग म्हणालात, "येवढा जवळचा सोडून?"

मावळातल्या माणसाला ती रेघ माहीत असते. पण तिच्यापर्यंत जाऊन यावे असे ठरवणारा तुमच्याशिवाय कोणी मला भेटला नाही. आपल्याकडे दर्या येतो तो वाळून येतो, हे तुमचे वाक्य. कामशेतच्या बाजारात पोत्यावर मांडलेले बोंबील, सुकट, वाकट्या. तुम्ही वाकटी हातात धरून वाकवून बघायचात आणि म्हणायचात, ही ओली असताना कशी दिसत असंल?

बेत असा होता. खंडाळ्याच्या एका पारशी गृहस्थांकडून तुम्ही जुनी मोटार घेतली होती. तिच्यातून घाट उतरायचा, खोपोलीवरून पेण, तिथून धरमतरची खाडी ओलांडून किनारा धरायचा, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने तेरेखोलपर्यंत खाली जायचे. वाटाड्या नको, सोबतीला आणखी कोणी नको. गाडी मी चालवायची, कारण चाक तुमच्या हातात असले की प्रत्येक शेतापाशी गाडी थांबे. नियम तुमचे. दिवसाला एकच खाडी. 'अजून किती लांब' हे कोणाला विचारायचे नाही. जिथे मासळी उतरताना बघितली नाही तिथे जेवायचे नाही. आणि भात आपला: आंबेमोहोर बरोबर घ्यायचा, कालवण ज्या त्या गावचे. मी हिशेब करून सांगितले की आठवड्यात आटपेल. तुम्ही म्हणालात, "संपादक, आटपायला ते काय आजारपण हाय?"

पिण्याची बाजू पास्कूकडे होती. खंडाळ्याच्या बंगल्यातला हा स्वयंपाकी मूळचा तेरेखोलच्या पलीकडच्या गावचा. वाटेत माडी कुठे पहाटेच घ्यावी, काजूची कुठे घेऊ नये, हे त्याने आपल्याला तोंडपाठ करून दिले. त्यानेच एका नाताळात पोर्तुगालच्या तांबड्या वाइनची बाटली आणून दिली. तुम्ही ती हातात घेतलीत आणि नकाशाकडे बघून खाड्या मोजल्यात. प्रत्येक खाडी ओलांडली की दोघांना एकेक घोट, असा तुमचा बेत.

"नाही हो बाब," पास्कू म्हणाला. "ही उघडली की त्याच दिवशी संपवायची. ठेवली तर आंबते. व्हिनेगार होतो तिचा."

"मग काय करायचं?"

"एकाच ठिकाणी उघडा."

मी म्हणालो, पहिल्या खाडीवर उघडू, पुढचे कोणी पाहिले आहे. तुम्ही म्हणालात, शेवटच्या, जिथून पास्कूचा मुलूख दिसतो तिथे. हा वाद मिटला नाही. तोपर्यंत पास्कूच्या सांगण्यावरून बाटली आडवी आणि थंड जागी राहायला हवी होती, म्हणून तुम्ही ती माजघरातल्या तांदळाच्या कणगीत पुरलीत. तुमच्या सरूबाई तांदूळ काढायला गेल्या की आतून ओरडत, "आवो, ही तुमची बाई पुन्हा माझ्या हाताला लागली!" तुम्ही ओट्यावरून सांगायचात, "तिला उठवू नगं, झोपू दे."

चूक झाली ती खाडीबाबत. तुमची अट होती की खाडीला पोचावे ते पाणी ओसरलेले असताना. मला ती रास्त वाटली. आपल्याकडे नदी ओलांडतात ती पाणी उतरल्यावर. आंद्रा असो की इंद्रायणी, बैलगाडी काठावर थांबते, गाडीवान दगडावरची ओली रेघ बघत विडी ओढतो, आणि रेघ पुरेशी खाली गेली की बैल पाण्यात घालतो. वेळ काढण्याचे काम माझ्याकडे होते. पास्कूने हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. बातमीला दोन ठिकाणांहून दुजोरा लागतो, म्हणून मी बाजारातल्या सुक्या मासळीच्या व्यापाऱ्यालाही विचारले. त्याने तेच सांगितले. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमाराला. नवमीला पाऊण तास उशीर, म्हणजे त्या दिवशी जेवण खाडीच्या अलीकडे. असे सगळे तुम्ही गिरणीच्या दारामागे खडूने लिहून काढलेत. पास्कूने किंवा व्यापाऱ्याने आपल्याला एकदाही विचारले नाही की तुम्हाला भरती हवी आहे की ओहोटी. त्यांच्या दृष्टीने तो प्रश्नच नव्हता. आपल्याही नव्हता.

लढाई सुरू होण्याच्या आदल्या थंडीत, पौषातल्या अष्टमीला, आपण घाट उतरलो. जमले तर तसेच पुढे जायचे, नाही तर रस्ता बघून यायचे, असे ठरले होते. धरमतरला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होते. रस्ता उतरत गेला आणि चिखलात संपला. चिखल दूरपर्यंत चमकत होता, मधोमध पाण्याचा पट्टा, आणि अलीकडे तरीच्या होड्या, पडाव, कुशीवर कलंडून पडलेले. तुम्ही खूष झालात. "बघा, बरोब्बर आलो," म्हणालात, आणि वहाणा काढून हातात घेतल्यात.

एका कलंडलेल्या पडावाच्या सावलीत तरीवाला म्हातारा झोपला होता. त्याने एक डोळा उघडला.

"कुठं चाललाव?"

"पलीकडं," तुम्ही म्हणालात. "पाणी उतरलंय न्हवं?"

"उतरलंय तर."

"मग चला की."

"कशावरनं चलू? पानी नाय तर पडाव चालंल कशावर?"

तुम्ही मोटारीकडे बघितलेत, मग चिखलाकडे. "आमच्याकडं पाणी गेल्यावर जात्यात."

"मंग तुमच्याकडंच जा," म्हातारा म्हणाला आणि कूस वळला. थोड्या वेळाने पाठ न फिरवताच त्याने विचारले, "कंच्या गावचं?"

"मावळातलं."

"तरीच."

इतके हसलेले तुम्हाला मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. चिखलाच्या काठावर उकिडवे बसून, वहाणा हातात धरून तुम्ही हसत होतात. म्हातारा शेवटी उठून बसला. त्याचे घर जवळच होते. त्याच्या बायकोने टोपलीतली बोईट दाखवली, त्या सकाळीच जाळ्यात आलेली, अजून डोळे स्वच्छ असलेली. मासळी उतरताना बघितलेली नाही, हे मी तुम्हाला सांगितले. तुम्ही म्हणालात, एवढा नियम आज सोडू. आपला तांदूळ तिने शिजायला टाकला आणि झाकण उघडताच दारापर्यंत आली. "मेल्यानू, तांदूळ का फुलं?" ते जेवण मी अनेकदा आठवून पाहिले आहे. कालवणात कोकम होते, हिरवी मिरची होती, बाकी फारसे काही नव्हते. तुम्ही एक घास घेतलात, थांबलात, आणि म्हणालात, "वाळल्यावर ह्येचं काय ऱ्हातं वो? नुसतं नाव ऱ्हातं."

जेवून पुन्हा काठावर येऊन बसलो. त्यानंतर जे झाले ते लिहिताना मला नेमके शब्द हवे आहेत, आणि ते मिळत नाहीत.

पाणी थांबले होते. मधल्या पट्ट्यात नारळाचे एक सोडण, वरची वाळली साल, पडले होते, ते हलत नव्हते. वारा नव्हता. चिखलात हजारो बारीक भोके होती आणि त्यांतून खेकडे बाहेर बसले होते. मग ते एकाएकी सगळे आत गेले. चिखलातून बुडबुड्यांचा आवाज यायला लागला, भात रटरटतो तसा. सोडण हलले. ते डोंगराच्या बाजूला हलले. आधी वीतभर, मग हातभर, मग ते चालायलाच लागले, सावकाश, सरळ, पेणच्या दिशेने, ज्या बाजूने नदी येते त्या बाजूला. पाण्याला लाट नव्हती, फेस नव्हता. सगळी खाडी, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, आवाज न करता मागे फिरली होती.

तुम्ही उभे राहिलात. "संपादक," तुम्ही म्हणालात, "नदी माघारी चाललीय."

मी म्हणालो, भरती लागली.

"ते झालं. पण ढकलतंय कोण?"

मी चंद्राबद्दल सांगायला सुरुवात केली. तुम्ही हात वर करून मला थांबवलेत, तसे तुम्ही गिरणीचा आवाज कान देऊन ऐकत असताना कोणी बोलायला लागला की करायचात. मग सूर्य कलेपर्यंत आपण तिथेच होतो. चिखल गेला. दगड गेले. जिथे आपण जेवायच्या आधी पाय धुतले होते तो कातळ गेला. पडावाने एक कण्हल्यासारखा आवाज केला, कूस सोडली आणि सरळ उभा राहिला. कोणी हात लावला नव्हता. पाणी तुमच्या पायांशी आले. तुम्ही मागे सरकला नाहीत आणि पुढेही गेला नाहीत. नमस्कार केला नाहीत. वहाणा तुमच्या हातातच होत्या. त्या तुम्ही परत पायात घातल्यात त्या पेणच्या बाजारात.

संध्याकाळी दोन पडाव एकमेकांना बांधून त्यांच्यावर फळ्या टाकल्या गेल्या. म्हाताऱ्याने मोटारीकडे बोट केले. "भरलं पानी. आना."

"आज नको," तुम्ही म्हणालात.

"नको म्हणजे?" हे मी.

"आजची खाडी झाली."

"आपण ती ओलांडलेलीच नाही, पुंडलिकराव."

"ओलांडायची असं कुणी ठरवलं व्हतं? दिवसाला एक खाडी, येवढंच ठरलं व्हतं."

मी पुष्कळ बोललो. पलीकडून समुद्र किती जवळ आहे ते सांगितले. इतक्या लांब येऊन, पाणी भरलेले, पडाव तयार, असे पुन्हा जमून येणार नाही असेही म्हणालो. तुम्ही म्हणालात, सगळा हिशेब उलटा निघाला, आता दारामागचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागणार. ते खरे होते. पण तेवढ्यासाठी कोणी माघारी फिरत नाही, हेही खरे होते. घाट चढेपर्यंत मी तुमच्याशी बोललो नाही. तुम्हीही बोलला नाहीत, पण माझ्या न बोलण्याकडे तुमचे लक्ष होते असे मला वाटले नाही.

तुम्ही हट्टी होतात, असे मी नंतर कित्येक वर्षे लोकांना सांगत आलो. धरमतरहून परत आलेला माणूस, अशी तुमची गोष्ट मी लोणावळ्यात सांगत असे आणि लोक हसत. तुम्ही समोर असलात तर तुम्हीही हसायचात.

दारामागचा खडू पुसला गेला आणि पुन्हा लिहिला गेला. या वेळी अमावास्येपासून. आणि एक नवीन गोष्ट सुरू झाली: मागची सीट मोकळी ठेवा. मी म्हणालो, स्टो कुठे ठेवू? तुम्ही म्हणालात, पायाशी. भांडी? भांडी वाटेत मिळतील. पेट्रोल? ते मागं बांधू. कोणासाठी मोकळी ठेवायची, याला उत्तर नाही. मला वाटले, पास्कू. पास्कूला वाटले, माझ्या बिछान्यासाठी. मग लढाई आली, पेट्रोलला कूपन आले, आणि मोटार गिरणीसमोर उभी राहिली ती उभीच. कोंबड्या तिच्यात बसायला लागल्या. एकदा एक कोंबडी मागच्या सीटवर अंडी घालून बसली होती. तिला तुम्ही स्वतः उठून हाकललेत. "ऊठ, ती जागा दुसऱ्याची हाय." कोंबडी गेली, अंडी सरूबाईंनी उचलली, वाद तसाच राहिला.

यंदा कूपन सैल झाले. अमावास्येला अवकाश होता, तरी सामान बसते का ते बघायला नवमीला संध्याकाळी मी ते आणून मागे रचले. तुम्ही ओट्यावर होतात.

"शीट मोकळी करा म्हणालो व्हतो."

"मग स्टो कुठे ठेवू? डोक्यावर?"

"ठेवा की. टोपी न्हाईतरी तुमाला शोभत न्हाई."

हे आपले शेवटचे बोलणे. ते लिहून ठेवण्यासारखे आहे असे त्या वेळी मला वाटले नाही.

तुमचे तेरावे झाल्यावर मी किल्ली परत करायला आलो. सरूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. माहेरच्या नवलाख उंबऱ्याहून आलेले त्यांचे दादा खांबाला टेकून बसले होते. मी किल्ली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"कवा निगायचं, भावजी?"

मला समजले नाही.

"तुमची भांडी हितंच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मागं काय ठेवू नका."

"मागे त्यांना काय ठेवायचं होतं?"

"मला."

पुंडलिकराव, मी तिथेच पायरीवर बसलो. सरूबाई हातातले तांदूळ खाली-वर करत होत्या. म्हणाल्या, "त्या दिवशी घाटावरनं आले ते बोललेच न्हाईत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाखडत व्हते, तर जवळ येऊन बसले. म्हणाले, सरू, लय मोठं हाय ते. एकट्यानं बघायचं काम न्हाई."

"एकट्यानं? मी होतो की बरोबर."

"मी त्येच इचारलं." त्या पहिल्यांदाच जरा हसल्या. "म्हणाले, संपादक घड्याळ बघत व्हते."

मी विचारले, मग त्यांनी मला हे सांगितले का नाही. दादांनीच उत्तर दिले. "बायकुला फिराया न्यायची असं कोण सांगतं व्हय, सायेब? गाव हसलं असतं." सरूबाई म्हणाल्या, "लाजत व्हते. मला म्हणाले, संपादकाला आयत्या वेळी कळू दे, गाडीत बसल्याव. मग काय म्हणंल?"

मी काय म्हणालो असतो, याचा मी विचार केला आहे. स्टो कुठे ठेवू, हेच म्हणालो असतो.

सरूबाईंनी दिवस सांगितला. दारामागचे वाचता येत नसले तरी तिथे काय लिहिले आहे ते त्यांना ठाऊक होते. येती अमावास्या.

"अवसेला कुणी घराभाईर पडतं का?" दादा म्हणाले. "आन् तू अशी. महिनाबी झाला न्हाई."

"पाणी अवसेला भरतं, दादा. मी काय करू त्याला?"

"लोक नावं ठेवतील."

"ठिवू द्या. नावं ठेवायला धरमतरपत्तोर कोण येत न्हाई."

दादा उठून अंगणात गेले. बराच वेळ ते गोठ्यापाशी उभे होते. अमावास्येच्या पहाटे तेच सर्वांच्या आधी तयार होते, आणि काही न बोलता त्यांनीच मोटारीचे हँडल मारले. ते पुढे माझ्या शेजारी बसले, मांडीवर आंबेमोहोराचे गाठोडे घेऊन. सरूबाई मागे बसल्या. त्यांच्या शेजारी काही ठेवलेले नव्हते. बाटलीबद्दल मी विचारले होते. "ती शेवटच्या खाडीची," सरूबाई म्हणाल्या. "आपली तर पहिलीच हाय." त्या वादात तुम्हाला एक मत वाढले आहे, हे तुम्हाला कळवतो.

घाटात त्यांनी एकदाच गाडी थांबवायला सांगितली. खाली कोकण उघडले होते. सकाळची वेळ, त्यामुळे रेघ दिसण्याचा प्रश्न नव्हता. तरी त्यांनी विचारले, कुठे? मी बोट केले. त्यांनी त्या दिशेला बघितले आणि म्हणाल्या, चला.

धरमतरचा तरीवाला तोच होता. त्याने मला ओळखले नाही, मोटार ओळखली. "पानी बघनारं कुठं हायत?" त्याने विचारले. मी सांगितले. त्याने डोक्याचे फडके काढले, झटकले, पुन्हा बांधले. मग मागे बघून म्हणाला, "ह्या त्यांच्या का?"

पाणी वर चढत होते. चिखल कुठेही दिसत नव्हता. एक वाळका पेंढा डोंगराच्या दिशेने वाहत गेला. सरूबाईंनी तो नजरेआड होईपर्यंत पाहिला.

"ह्येच का, भावजी?"

"हेच."

दादा गाठोडे छातीशी धरून उभे होते. ते म्हणाले, "आयला," आणि लगेच बहिणीकडे बघून गप्प झाले.

मोटार फळ्यांवर चढवताना माणसांनी उतरायची रीत आहे. तरीवाल्याने तसे सांगितले. सरूबाई म्हणाल्या, "मी हितंच बसते." त्याने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा मोटारीकडे पाहिले, आणि चाकांखाली दगड लावले.

पडाव किती वाजता सुटला ते मला सांगता येणार नाही. घड्याळ मी लोणावळ्याला ठेवून गेलो होतो. तिथीच्या हिशेबाने भरतीची वेळ सव्वाअकराची होती. सरूबाई मागच्या सीटवर होत्या. मोटार पलीकडे उतरली, आणि त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो.